कपाळ आले, पाणी आले नाही

स्वस्ति श्री. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सर, चैत्र मास, शुक्ल पक्ष, देहाची लाही. श्रीमद्-अमरावतीनगर-निवासी, संस्कृत-विभागप्रमुख (विभागात द्वितीय प्राध्यापक नसल्यामुळे निर्विवाद), महाविद्यालयीन-संकेतस्थळ-समिती-अध्यक्ष, स्नेहसंमेलन-मंडप-समितीचे माजी सहनिमंत्रक, विविध सत्कारप्रसंगी प्राप्त शालींचे धारक, नियोजित उपप्राचार्य, अकोलास्थ कुलदीपाचे भगिनीपती, प्राध्यापक खुशालराव गावंडे यांची ही परम गोपनीय दैनंदिनी. अनधिकृत वाचकाने येथेच थांबावे. सहधर्मचारिणी प्रणाली, हे तुला उद्देशून आहे.

२ एप्रिल

आज एक अत्याहित घडले. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरील ‘जलमीमांसा’ हे पान अंतर्धान पावले. मी स्वतः लिहिलेली प्रस्तावना त्यावर होती. उपनिषदांपासून आरंभ करून ती तिसऱ्या परिच्छेदात दर्यापूर तालुक्यात उतरत असे. प्रस्तावनेखाली एक कोष्टकही होते.

कोष्टक नीलमचे. नीलम ही माझी माजी विद्यार्थिनी. एक वर्ष संस्कृत घेऊन रसायनशास्त्राकडे पळून गेली, तरी मी तिला क्षमा केली आहे. सध्या ती पूर्णाकाठच्या आपल्या गावी जलसुरक्षक आहे. तो सारा खारपाणपट्टा. तिथे विहिरीचे पाणी गोड लागले तर लोक संशयाने पाहतात. नीलम आसपासच्या गावांतील हातपंप, विहिरी आणि टाक्या यांतले क्षार मीटरने मोजते, आकडे मला धाडते, मी ते चढवतो. कोणते पाणी आज प्यावे आणि कोणते केवळ भांड्यांना दाखवावे, हे गावकरी मोबाइलवर पाहतात. तिच्या सासूबाई सुंदराबाई यांची मूत्रपिंडे अशक्त असल्यामुळे त्या ते रोज पाहतात.

प्रस्तावनेविषयी त्यांचे मत मी अद्याप विचारलेले नाही.

४ एप्रिल

रहस्यभेद झाला. गेल्या आठवड्यात नीलमने हातपंपांच्या ओळीत एक नवी ओळ जोडली होती: दर्यापुरातून गावोगाव जाणारे थंड पाण्याचे जार. जारातील पाणी शुद्ध नव्हते, नुसते गार होते. त्याचा आकडा सुंदराबाईंच्या हातपंपापेक्षाही चढा निघाला. आणि जारांचा कारखाना आमच्या संस्थेच्या अध्यक्षमहोदयांच्या भाच्याचा.

अध्यक्षमहोदयांनी मला कक्षात बोलावून स्वतःच्या हाताने चहा दिला, यावरूनच प्रकरणाचे गांभीर्य ध्यानी यावे. संकेतस्थळाचे नूतनीकरण चालू आहे, असे ते म्हणाले. मग माझ्या उपप्राचार्यपदाचा विषय त्यांनी आपण होऊन काढला आणि आपण होऊनच मिटवला.

मी घरी येऊन प्रणालीला सांगितले की माझ्या प्रस्तावनेचा असा अवमान मी सहन करणार नाही.

"प्रस्तावनेचा?" तिने विचारले.

"मग कशाचा?"

ती भाजी निवडत राहिली. निवडता निवडताच म्हणाली, "घरचा कम्प्युटर रिकामाच पडून राह्यला. त्याच्यावरच टाका ना ते पान."

ही कल्पना मला तिच्या आधी सुचलेली होती, ही नोंद येथे करून ठेवतो.

८ एप्रिल

सिद्धी. जेवणघरातील आमचे संगणकयंत्र आता सेवादाता झाले आहे, अर्थात मागेल त्याला पान देणारे. प्रतिष्ठापनेच्या वेळी मी नारळ वाढवला. थोडे पाणी कळफलकात गेले, परंतु ‘क्ष’ वगळता हानी नाही.

यंत्राला स्वतःचा पत्ता असतो, हे आज कळले. आकडेरूप, ठिपक्यांनी विभागलेला: १९२.१६८.१.७. मी आतल्या खोलीत जाऊन मोबाइलवर हा पत्ता टंकित केला आणि क्षणार्धात ‘जलमीमांसा’ प्रकट झाली. प्रणालीच्या मोबाइलवरही झाली. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या मोबाइलवरही झाली. तो आमचेच वायफाय वापरतो हेही त्यानिमित्ताने उघड झाले.

आता विश्वाला हा पत्ता कळवणे एवढेच उरले. आपल्याकडे एखादी गोष्ट झाली असे मानण्यासाठी तिचा फ्लेक्स लागतो. मजकूर तयार केला: वरती उपाध्या, मध्ये माझे छायाचित्र (शालीसह), तळाशी पत्ता. फ्लेक्सवाल्याने विचारले, वाढदिवस आहे की निवड झाली? मी म्हणालो, विद्रोह. त्याने त्याच दरात केला.

१२ एप्रिल

काल दर्यापूरच्या बसस्थानकासमोर फ्लेक्स उभा केला. आज दिवसभर दूरध्वनी. लोकांनी पत्ता टाकला. कोणाला काहीच दिसत नाही. एकाला त्याच्याच राउटरने ‘असे कोणी येथे राहत नाही’ या अर्थाचे उत्तर दिले.

सर्वांत विलक्षण अनुभव नीलमच्या गावच्या किशोरचा. त्याचा दुधाचा व्यवसाय आहे.

"सर, पाणी नाई दिसून राह्यलं," तो म्हणाला. "म्हैस दिसून राह्यली."

"कोणाची?"

"माहीच. गोठ्यातली. तुमी माह्या म्हशीचा पत्ता फ्लेक्सवर काहून छापला?"

मी त्याला दूरध्वनी ठेवण्यास सांगितले. माझ्या छायाचित्राखाली, माझ्या समग्र उपाध्यांखाली, किशोरची म्हैस वास्तव्य करून आहे, हे पचवण्यास मला काही काळ हवा होता.

१३ एप्रिल

अखेर अकोल्यास कुलदीपला विचारावे लागले. हा प्रणालीचा धाकटा भाऊ. तिथे घरोघरी इंटरनेटच्या तारा पुरवण्याचा त्याचा व्यवसाय आहे. मला शिकवण्याची संधी तो विवाहापासून शोधत होता. प्रथम तो पोटभर हसला.

"भाऊजी, तो पत्ता घरातल्या घरातला हाय," तो म्हणाला. "जसं ‘मागची खोली’. तुमच्या घरी मागची खोली हाय, किशोरच्या घरीबी मागची खोली हाय. तुमी साऱ्या तालुक्याले सांगतलं, मागच्या खोलीत या. जो तो आपापल्या मागच्या खोलीत जाऊन पाहून राह्यला."

किशोरच्या घरी सात क्रमांकाची खोली गोठ्यातल्या कॅमेऱ्याला मिळालेली आहे, एवढाच त्या म्हशीचा अपराध.

मग माझ्या घराचा जगातला खरा पत्ता कोणता? तर तसा पत्ता मला नाहीच. आमच्या वसाहतीतल्या अनेक घरांत मिळून एकच पत्ता आणि दाराशी एक चौकीदार. आतला माणूस बाहेर काही मागायला गेला तर चौकीदार ध्यानात ठेवतो आणि उत्तर आले की त्याच्या दारी पोचवतो. परंतु बाहेरून कोणी आपण होऊन माझे नाव घेत आला तर चौकीदाराला कळत नाही की हे कोणाकडचे पाहुणे. तो त्यांना परत धाडतो. म्हणजे मी जगाला हाका मारू शकतो, जग मला हाक मारू शकत नाही. प्राध्यापकी जीवनाचे इतके नेमके वर्णन मी अन्यत्र ऐकलेले नाही.

कुलदीपकडे त्याचे स्वतःचे, न बदलणारे, जगजाहीर पत्ते आहेत. त्यातला एक तो देईल का, हे विचारणे माझ्या प्रतिष्ठेला शोभणारे नव्हते, म्हणून विचारले नाही. दूरध्वनी प्रणालीने घेतला आणि ती स्वयंपाकघरात गेली. बाहेर आल्यावर म्हणाली, यंत्र घेऊन या म्हणतो.

त्याला आपण होऊन सुचले, ही गोष्ट कौतुकास्पद आहे.

१४ एप्रिल

आज जयंती. फ्लेक्स उतरवण्यासाठी दर्यापूरला गेलो तर नीलमने आग्रहाने गावी नेले. वस्तीत निळे झेंडे, मिरवणुकीची तयारी, चौकात सर्वांसाठी पाण्याची टाकी. टाकीवर नीलमने त्या दिवसाचा आकडा खडूने लिहिलेला.

सुंदराबाईंपुढे मी सर्व अडचणी मांडल्या: अध्यक्ष, भाचा, चौकीदार, म्हैस. आणि सुचवले की काही काळ जारांची ओळ तेवढी वगळली तर पान महाविद्यालयातच पुन्हा सुरू होऊ शकेल. हा प्रस्ताव अध्यक्षमहोदयांनी काल कोणाकरवी माझ्या कानी घातला होता, आणि तो मला सर्वथा अविचारी वाटला नव्हता.

सुंदराबाई पेला भरत होत्या. त्या माझ्याकडे न पाहताच बोलल्या.

"पान्याले हात लावाले परमिशन लागे, ते दिवस गेले, गुरुजी. आता पानी मोजाले परमिशन मागाची का?"

त्यांनी पेला माझ्या हाती दिला. मी प्यायलो. वगळण्याचा विषय पुन्हा काढण्यास योग्य अवसर मिळाला नाही.

परतताना किशोर भेटला. गोठ्याच्या एका बाजूने ऊन येते, उतरवलेला फ्लेक्स देता का, असे म्हणाला. विद्रोहाचे साहित्य लोकोपयोगी व्हावे, या भावनेने दिला.

१९ एप्रिल

यंत्र शालीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, मूर्तिजापूरमार्गे अकोल्यास नेले. वाहकाने शालीकडे पाहून हळू आवाजात विचारले, कोणाच्या अस्थी आहेत का. मी नकार दिला. पण त्याने खिडकीची जागा दिली ती परत मागितली नाही.

कुलदीपने यंत्र आपल्या कार्यालयात बसवले, त्याला जगजाहीर पत्ता दिला, आणि लोकांना आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून एक नावही नोंदवून घेतले. मी विचारले, दर्यापुरातल्या मोबाइलला या नावाचा आकडा कसा कळणार? सारी नावे लिहिलेला एखादा महाकोश कोठे ठेवला आहे?

"कोठंच नाई," तो म्हणाला. "भाऊजी, तुमी ताईले पाह्याले आलते तवा तुमच्यापाशी आमचा पत्ता होता का?"

नव्हता. मध्यस्थाने केवळ श्वशुरांचे नाव सांगितले होते. बसस्थानकावर विचारले तर म्हणाले, कापूसबाजारात विचारा. बाजारातल्या अडत्याने पानठेल्याकडे धाडले. पानठेलेवाल्याने घर दाखवले. अकोल्यात कोणालाच सगळे ठाऊक नव्हते. पुढे कोणाला विचारावे, एवढे मात्र प्रत्येकाला ठाऊक होते.

नावाचा शोध असाच चालतो, असे कुलदीपचे म्हणणे. मोबाइल एका विचारपूस करणाऱ्याला विचारतो. तो मुळाशी जाऊन विचारतो की या शेवटच्या अक्षरांचे कारभारी कोण. ते सांगतात की या नावाचे कारभारी अमुक. आणि ते आकडा देतात. सगळे डोळे मिटून उघडण्याच्या आत. मला त्या वेळी दुपार लागली होती आणि दोनदा मठ्ठा.

२२ एप्रिल

पान चालू आहे. अमरावतीत उत्तम दिसते. आरंभी मंगलाचरण, मग माझे भव्य छायाचित्र, मग प्रस्तावना, तळाशी कोष्टक. नीलमला दूरध्वनी करून गावातील प्रतिक्रिया विचारली. तिने मोबाइल सासूबाईंच्या हाती दिला.

"गुरुजी, सकाळपासून धरून बसली मी," सुंदराबाई म्हणाल्या. "कपाळ आलं. पानी नाई आलं."

"कोणाचे कपाळ?"

"तुमचं."

कुलदीपला विचारले. पान एका गठ्ठ्यात जात नाही म्हणे. त्याचे बारीक तुकडे होतात, प्रत्येकावर कुठून आला, कुठे जायचा आणि कितवा हे लिहिलेले असते. जसे लग्नाचे सामान वेगवेगळ्या काळीपिवळीतून पाठवावे, एखादी मूर्तिजापूरवरून, एखादी दर्यापूरवरून, आणि मांडवात क्रमांक पाहून लावून घ्यावे. एखादा तुकडा वाटेत हरवला तर पोचलेली बाजू सांगते, अमुक क्रमांक आला नाही, आणि इकडून तोच पुन्हा निघतो. दोन्हीकडून पोच मिळेपर्यंत हे चालते. व्यवस्था अत्यंत सभ्य आहे. परंतु गावात मोबाइलला झाडावर चढल्याशिवाय रेंज नाही. तुकडे सारखे हरवतात. आणि सामानातला सर्वांत अवजड ऐवज म्हणजे माझे छायाचित्र. ते आधी, कोष्टक शेवटी.

"फोटो काढून टाका," कुलदीप म्हणाला.

मी म्हणालो, विचार करतो. तासभर विचार केला. सुंदराबाईंनी त्या सकाळी कोणते पाणी प्यायले असेल, हाही त्या विचाराचा एक भाग होता. सायंकाळी छायाचित्र काढले. मंगलाचरणाचे ध्वनिमुद्रणही काढले. प्रस्तावना तळाशी नेली. नंतर पाहिले तर नीलमने कुलदीपकरवी तीही काढवली होती. आता फक्त कोष्टक आहे, जारांच्या ओळीसह, आणि पान गावात ताबडतोब उघडते.

साहित्यदृष्ट्या अपरिमित हानी.

२९ एप्रिल

एकाच दिवशी दोन आघात.

पहिला: अध्यक्षमहोदयांचे लेखी पत्र. पान तत्काळ बंद करून लेखी दिलगिरी व्यक्त करावी; अन्यथा उपप्राचार्यपदासाठी माझ्या नावाचा विचार होणार नाही.

दुसरा: दर्यापूर भागात पान अकस्मात दिसेनासे झाले. अमरावतीत दिसते, अकोल्यात दिसते, तिथे नाही. मी हताश होऊन कुलदीपला म्हणालो, संपले. त्यांनी यंत्रच बंद पाडले. तो म्हणाला, यंत्र इथे माझ्यासमोर चालू आहे. तिकडे इंटरनेट पुरवणाऱ्या दर्यापूरच्या केबलवाल्याचा भाच्याशी घरोबा आहे. त्याने एवढेच केले की त्याच्या विचारपूस करणाऱ्याला हे नाव विचारले तर ‘असे कोणी नाही’ म्हणायचे.

"म्हणजे पत्ता तसाच हाय, रस्ता तसाच हाय," तो म्हणाला. "फक्त ज्याले विचारून राह्यले तो खोटं बोलून राह्यला. दुसऱ्याले विचाराचं." मग पुढे, "आमच्या गल्लीच्या तोंडी त्या लाकडाच्या टालवाल्यानं तुमाले काय सांगतलं होतं, आठवते का?"

आठवते. पानठेल्याच्या आधी मी त्या टालवाल्याला, म्हणजे वखारवाल्याला, विचारले होते. त्याने सांगितले, या नावाचे कोणी इथे राहत नाही, बसस्थानकाकडे परत जा. त्याची स्वतःची भाची लग्नाची होती, हे पुढे कळले. मी चार पावले परतही फिरलो होतो.

"मंग?" कुलदीपने विचारले.

मग मी पानठेलेवाल्याला विचारले.

प्रणाली दारात उभी होती. तिने हे सगळे ऐकले असावे. कारण तिने न मागता चहा ठेवला.

३० एप्रिल

मोबाइलमध्ये एक जागा असते, जिथे नावे कोणाला विचारायची ते बदलता येते. नीलम, बचत गटाच्या बायका आणि किशोर गावोगाव फिरून ती बदलून देत आहेत. सुंदराबाई पारावर बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात, "तुया मोबाइल अजून त्या लबाडालेच पुसते का?" लाजेने लोक तिथल्या तिथे बदलून घेतात. केबलवाल्याकडे बायका गेल्या आणि नुसत्या बसून राहिल्या, असेही कळले.

अध्यक्षमहोदयांच्या पत्राला उत्तर लिहिण्यास बसलो. मनात सात पृष्ठांची योजना होती: न्यायशास्त्रातील दोन दृष्टांत, एक अन्योक्ती, आणि शेवटी शार्दूलविक्रीडितात एक श्लोक. पुष्कळ कागद फाडले. अखेर जे उरले ते असे:

"महोदय, आकडे खरे आहेत. पान बंद होणार नाही. खुशालराव गावंडे."

इतके निरलंकृत गद्य मी विद्यार्थ्यालाही लिहू दिले नसते. उपाध्या घालायच्या राहून गेल्या. लक्षात आले तेव्हा पाकीट बंद झाले होते. प्रणाली माझी पत्रे नेहमी अर्धी खोडते. हे तिने दोनदा वाचले, काही खोडले नाही, आणि स्वतः जाऊन देऊन आली. तिला घाई कसली होती, कळले नाही.

७ मे

उपप्राचार्यपदी शारीरिक शिक्षणाच्या सरांची निवड झाली. सत्कार झाला. त्यांना शाल मिळाली. माझ्या शालींतली सर्वांत भारी ती अकोल्यात यंत्राखाली अंथरलेली आहे. संकेतस्थळ-समितीही विसर्जित झाली. प्रणालीने आज पुरण केले. तिथी तर काहीच नव्हती. विचारले तर म्हणाली, वाटलं.

दर्यापुरात नाव पुन्हा सापडू लागले आहे. केबलवाल्याचा विचारपूस करणारा आता खरे बोलतो. भाच्याच्या कारखान्यात नवे गाळणयंत्र बसले. जारांचा आकडा उतरला, आणि नीलमने तोही तितक्याच निष्पक्षपणे लावला. सुंदराबाईंचा सकाळी दूरध्वनी आला: पारावरचा पंप बिघडला, शाळेजवळचा चांगला, तुमची तब्येत कशी. एवढेच विचारायला त्यांनी फोन केला होता.

११ मे

हे सर्व ठीक. परंतु एक प्रश्न अनुत्तरित आहे.

किशोरने गोठ्याला फ्लेक्स लावला, तो छापील बाजू आत ठेवून. म्हणजे माझे मुख म्हशीकडे. कॅमेरा नेमका त्याच भिंतीकडे रोखलेला. आज त्याने मोठ्या आनंदाने कळवले की फ्लेक्सवरचा पत्ता आता खरा ठरला: निदान त्याच्या घरात तरी १९२.१६८.१.७ टाकले की खरोखर मीच दिसतो, शालीसह, सर्व उपाध्यांसह. त्याने चित्रही पाठवले. म्हैस माझा डावा कान चाटत होती.

मी म्हणालो, फ्लेक्स उलटा लाव. तो म्हणतो, उलटा लावला तर छापील बाजू उन्हात जाईल आणि तुमचा रंग उडेल, सर. मी म्हणालो, उडू दे. तो म्हणतो, शिवाय म्हशीले सवय झाली, आता तुमी दिसले नाई तर दूध चोरते. मी नीलमला सांगितले. ती म्हणाली, बघते. प्रणालीला सांगितले, तिने ते चित्र स्वतःच्या मोबाइलवर मागवून घेतले. कुलदीपला सांगितलेले नाही, तरी त्याला ठाऊक आहे.

म्हैस चाटत चाटत ‘विभागप्रमुख’ पर्यंत पोचली आहे.